परसात येणाऱ्या पक्ष्यांचे फोटो: दाणे ठेवायचे, फळं ठेवायची की नुसतं पाणी?

कुळागर (फोंडा तालुका)

फोटो टाकला की दोन प्रश्न हमखास येतात: फीडर कुठला आणि लेन्स किती मिलिमीटरची. एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर हा धागाच दाखवता येईल.

फीडर नाही. मातीची पसरट परात आहे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळते तसली, आणि तिच्यावर टांगलेली पाण्याची एक बाटली. बस्स.

दुकानात मिळणारे दाण्यांचे नळकांडी फीडर मुळात युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यासाठी घडवलेत. तिकडे बर्फ पडलं की बिया खाणाऱ्या फिंच आणि टिट पक्ष्यांची उपासमार होते, म्हणून ते फीडरवर गर्दी करतात. आपल्या परसात कोण येतं ते आठवून बघा. शिपाई बुलबुल, लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंजीर, फुलटोच्या, हरेवा, सुभग, कुटुर्गा, हळद्या, टकाचोर, शिंपी. यातला एकही प्रामुख्याने दाण्यांवर जगत नाही. कुणाला फळ हवं, कुणाला किडे, कुणाला फुलातला मध. दाणे टाकले तर मुनिया, कवडे आणि नशीब असेल तर चिमण्या येतात, पण त्यांच्या आधी पारवे येऊन ठाण मांडतात. सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर, आणि उंदरांच्या वासावर धामण. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी याचा विचार आधी करावा.

पाणी मात्र सगळ्यांनाच लागतं. पाऊस थांबला की ऑक्टोबरपासून पुढच्या मिरगापर्यंत ओहोळ आटत जातात, आणि नेमके याच दिवसांत हिवाळी पाहुणेही आलेले असतात. दाण्यांकडे ढुंकूनही न पाहणारा टिकेलचा निळा माशीमार किंवा नारिंगी डोक्याचा कस्तुर पाण्यावर येतो, तोही रोज ठरल्या वेळी.

परातीत पाणी फार खोल नको. कडेला एखादा सेंटीमीटर आणि मध्ये जास्तीत जास्त पाच. तळ गुळगुळीत असेल तर पक्षी पाय टाकत नाही, म्हणून आत चिऱ्याचा एक खडबडीत तुकडा ठेवावा. बाटलीच्या बुडाला सुईने भोक पाडून ती वर टांगली, की दोन-तीन सेकंदांनी एक थेंब पडत राहतो. त्या टपटप आवाजाने जेवढे पक्षी येतात तेवढे नुसत्या भरलेल्या भांड्यावर येत नाहीत. थेंबाचा वेग झाकण सैल-घट्ट करून बदलता येतो. पाणी रोज सकाळी ओतून टाकायचं आणि परात नारळाच्या काथ्याने घासायची. डासाच्या अंड्यातून डास बाहेर पडायला आठवडाभर तरी लागतो, त्यामुळे रोज पाणी बदललं तर डेंग्यूची भीती राहत नाही.

आता फोटोचं. परातीत बसलेल्या पक्ष्याचा फोटो फारसा चांगला येत नाही, मातीची कड दिसते. चांगला फोटो येतो तो पाण्यावर उतरण्याआधीच्या फांदीवर. कुठलाही पक्षी थेट पाण्यात उतरत नाही. आधी जवळच्या काटकीवर बसतो, इकडेतिकडे बघतो, मग खाली येतो. ती काटकी आपण लावायची. परातीपासून हातभर अंतरावर, बोटाएवढ्या जाडीची, शेवाळ किंवा दगडफूल असलेली. कॅमेरा परातीवर नाही, काटकीवर रोखून ठेवायचा.

आणि काटकीच्या मागे काय आहे, हे काटकीपेक्षा महत्त्वाचं. मागे पाच-सहा मीटरवर केळीची किंवा हळदीची पानं असतील तर पार्श्वभूमी हिरवीगार आणि सपाट विरघळते. मागे लगेच कुंपणाची भिंत असेल तर लाखाची लेन्सही काही करू शकत नाही. आमच्याकडे माडा-पोफळीतून कवडसे पडतात ते सर्वांत वाईट. पक्ष्याच्या अर्ध्या अंगावर ऊन आणि अर्ध्यावर सावली. म्हणून जागा अशी निवडावी जिथे सकाळी आठ-नऊपर्यंत सलग मऊ ऊन किंवा मग पूर्ण सावली मिळेल.

४०० मिमी लेन्स फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लावून पाच मीटरवरून बघितलं तर चौकटीची रुंदी साधारण ४५ सेंटीमीटर भरते. बुलबुल वीस सेंटीमीटरचा, म्हणजे जवळजवळ अर्धी चौकट. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० मिमीतही हेच जमतं. त्यामुळे ६०० मिमीचा हट्ट परसात नको. पक्षी लांब असल्याची रड इथे नसते, कारण अंतर आपणच ठरवलेलं असतं. लेन्सचं छिद्र (अपर्चर) एफ ५.६ वर असताना या अंतरावरून पाच सेंटीमीटरचाच पट्टा स्वच्छ येतो, म्हणून पक्षी आडवा बसेल अशी काटकी लावा. तो समोर तोंड करून बसला की डोळा स्पष्ट येतो आणि शेपूट धूसर.

शटर बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतं, पण बसलेला पक्षीही मान सतत हलवतो, म्हणून मी १/१००० च्या खाली जात नाही. आंघोळीचे उडते थेंब गोठवायचे तर १/२५००. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर.

---

पागोळी (म्हापसा)

वाचनखूण साठवली. पण दादा, आमचं परस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, आणि कॅमेरा म्हणजे मोबाईल. आमच्या हाती काय लागणार? मध्यंतरी कठड्यावर तांदळाची कणी ठेवत होते तर सोसायटीतल्या लोकांनी पारव्यांची तक्रार केली. शिपाई बुलबुलाची जोडी मात्र कुंडीतल्या जास्वंदीवर रोज येते, त्यांचा एक तरी नीट फोटो हवा आहे.

---

कुळागर

पागोळीताई, जास्वंद असताना कणीची गरजच नव्हती. सोसायटीचंही बरोबर आहे, पारव्यांची विष्ठा एकदा साचायला लागली की घरातल्या दम्याच्या माणसाला त्रास होतो. त्याच कठड्यावर कुंडीखालची मातीची ताटली ठेवा, तेवढं पाणी पुरे. शेजारी हमेलियाची एक कुंडी ठेवा. नर्सरीत सहज मिळते, नारिंगी-लाल नळीसारखी फुलं जवळजवळ वर्षभर येतात आणि शिंजीर त्यावर तुटून पडतात.

मोबाईलने झूम करून काढू नका, चित्र फाटतं. मोबाईलच पक्ष्याजवळ न्यायचा. छोट्या तिपाईवर ताटलीपासून दीड हातावर उभा करा आणि स्वतः खोलीत पडद्यामागे जा. एका ब्लूटूथच्या बटणावर फोटो निघतो. ते नसेल तर फोर-के व्हिडिओ सुरू करून ठेवा आणि नंतर त्यातली चौकट निवडा. पहिल्या दिवशीच मोबाईल ठेवला तर पक्षी बिचकतो. आधी चार-पाच दिवस तिथे मोबाईलच्या आकाराचा काळा पुठ्ठा उभा करून ठेवा. तो धोक्याचा नाही हे एकदा कळलं की मग खरा मोबाईल ठेवला तरी बुलबुल लक्ष देत नाही.

आणि उजेड गॅलरीच्या बाहेरून आत येत असतो, त्यामुळे घरातून काढलेल्या फोटोत पक्षी काळवंडतो. मोबाईल कठड्याच्या एका टोकाला ठेवून कठड्याच्या लांबीच्या दिशेने काढा, म्हणजे उजेड बाजूने मिळेल.

---

रानवाट (वाळपई)

धागा चांगला आहे, पण मला मूळ गोष्टीबद्दलच बोलायचं आहे. रानातल्या पक्ष्याला माणसाने काही देऊच नये असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये २००५ नंतर ग्रीनफिंच पक्षी फीडरवरून पसरलेल्या ट्रायकोमोनोसिसने मोठ्या प्रमाणावर मेले. घशात गाठी होतात, अन्न गिळता येत नाही, आणि आजारी पक्ष्याने टाकलेला दाणा दुसरा उचलतो. एकाच ताटात रोज डझनभर पक्षी जेवायला बसवले की हे होणारच. तिथल्या लोकांनी प्रेमापोटीच ठेवले होते ना ते फीडर?

पाण्यालाही हेच लागू आहे. शिवाय फोटोसाठी म्हणून फळं ठेवायला लागलं की पक्षी फांदीवरचा सोडून ताटातला होतो. सत्तरीत अजून उंबर आहेत, कुंभे आहेत, सावरी आहेत. तिथे जाऊन बसा आणि फोटो काढा.

---

कुळागर

रानवाट, ग्रीनफिंचची गोष्ट अगदी खरी आहे आणि ती इथे आली हे बरं झालं. म्हणूनच मी दाण्यांच्या विरोधात आहे. पाण्याबाबत माझं मत वेगळं आहे. पूर्वी विहिरीच्या काठावर डोण असायची, गुरांचं पाणी असायचं, न्हाणीघराचं पाणी केळीत जायचं. पक्षी त्यावर येत होतेच. आता विहिरीवर जाळी, अंगणात पेव्हर्स आणि सांडपाणी पाइपात. आपण काढून घेतलेलं पाणीच आपण परत ठेवतो आहोत.

पण अट एकच: रोज घासणं जमणार नसेल तर ठेवू नये. आठवड्यातून एकदा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात परात दहा मिनिटं बुडवायची, स्वच्छ धुवायची आणि उन्हात खडखडीत वाळवायची. फुगलेल्या पिसांचा, डोळे मिटून बसलेला, माणूस जवळ गेला तरी न उडणारा पक्षी दिसला, किंवा चोचीच्या आणि डोळ्याच्या कडेला देवीसारखे फोड दिसले, की परात निदान दोन आठवडे उचलून ठेवायची, म्हणजे पक्षी पांगतात.

फळांचं म्हणाल तर मी पपई चिरून ठेवतो, पण आमच्याच झाडाची, वटवाघळाने किंवा खारीने अर्धी खाल्लेली. दुपारपर्यंत उचलतो. आंबलेल्या फळावर मुंग्या आणि माश्या येतात. आणि एक विनंती सगळ्यांनाच: सकाळी पोदेराकडून घेतलेल्या पावाचा उरलेला चुरा, फरसाण, चपाती हे काही टाकू नका. पक्ष्याचं पोट भरतं आणि अंगाला काहीच लागत नाही.

---

रानवाट

डोणीचा मुद्दा मान्य. घासण्याच्या अटीवर पाणी चालेल.

तुमच्यापैकी ज्यांना अशी मांडणी प्रत्यक्ष बघायची असेल त्यांनी दांडेलीजवळ गणेशगुडीला जाऊन यावं. तिथल्या ओल्ड मॅगझिन हाऊसच्या आवारात पक्ष्यांसाठी पाण्याची कुंडं आहेत आणि फोटोग्राफर एका बाजूला बसतात. कुंडं कशी जमिनीलगत आहेत, फांद्या कशा लावल्यात, लोक कसे गप्प बसतात, हे पाहण्यासारखं आहे.

आणि सत्तरीतल्या लोकांसाठी एक सूचना, कारण फोटोच्या नादात विसरायला होतं. आमच्याकडे २०१५ मध्ये माकडतापाचे रुग्ण सापडले. हा आजार गोचिडीतून येतो आणि डिसेंबर ते मे हाच त्याचा काळ. बागायतीच्या टोकाला पाचोळ्यात पालथं पडून फोटो काढायचे असतील तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायमोज्यात पँट खोचा, घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात आणि अंग तपासून आंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा.

---

शिवोलीकर

शिंजिरांसाठी साखरेचं पाणी लावलं तर? ऑनलाइन लाल प्लास्टिकच्या फुलांचे फीडर मिळतात. एक भाग साखर, चार भाग पाणी असं त्यावर लिहिलेलं असतं.

---

आबोली

शिवोलीकर, ते हमिंगबर्डसाठी असतात आणि हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडात आहेत. आपल्या उकाड्यात साखरेचं पाणी काही तासांत आंबतं, आत बुरशी धरते. शिंजिराला साखरेखेरीज किडे आणि कोळीही लागतात, पिल्लांना तर तेच भरवतात. जास्वंद, हमेलिया, केळफूल, पांगारा, यांतून मध आणि किडे दोन्ही मिळतात. आणि फोटोत लाल प्लास्टिक दिसण्यापेक्षा केळफूल दिसलेलं कितीतरी बरं.

माझा एक प्रश्न कुळागरदादांना. जांभळ्या शिंजिराचा नर प्रत्येक वेळी काळा ठिपका का येतो? मी १/१२५०, एफ ६.३ ठेवते, आयएसओ ऑटो. बाकी सगळे पक्षी ठीक येतात.

---

कुळागर

आबोलीताई, साखरेचं उत्तर मी दिलं असतं त्याहून चांगलं दिलंत.

जांभळ्या शिंजिराचा तो रंग पिसातल्या रंगद्रव्याचा नाही, पिसाच्या बारीक रचनेवरून उजेड परततो त्याचा आहे. उजेड तुमच्या पाठीमागून जाऊन त्याच्यावर पडला आणि त्याने मान योग्य कोनात वळवली तरच निळा-जांभळा चमकतो, एरवी काळाच. त्यामुळे पहिलं काम जागा बदलण्याचं: सूर्य पाठीशी घ्या. दुसरं, उंच फांदीवरच्या फुलाचा नाद सोडा. मागे उघडं आकाश असलं की कॅमेरा आकाश बघून उजेड कमी करतो आणि पक्षी काळा पडतो. अशा वेळी एक्स्पोजर एक स्टॉपने, म्हणजे दुप्पट, वाढवावं लागतं, आकाश पांढरं होईल ते होऊ दे. उलट मागे गडद झाडी असेल आणि पक्ष्याने चौकट भरली असेल तर कॅमेरा काळ्याला राखाडी करायला बघतो. तिथे अर्धा स्टॉप कमी.

दयाळाच्या बाबतीत मी नेहमी पांढऱ्या पट्ट्याकडे बघून ठरवतो. पंखावरचा पांढरा जास्त उजेडाने एकदा फुटला की त्यातली पिसं कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत. काळा भाग मात्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून बराच उजळता येतो. पांढऱ्या स्वर्गीय नर्तकालाही हेच.

आणि शिंजीर फुलावर आला की लगेच बटण दाबू नका. तो एका गुच्छावर दोन-चार फुलं करतो आणि प्रत्येक फुलानंतर क्षणभर डोकं वर काढतो. चोच फुलात असताना डोळा पाकळीआड जातो. डोकं वर येतं तो क्षण पकडायचा.

---

धुकं_चोर्ला

कुणाच्या परसात गोव्याचा राज्यपक्षी आलाय का? आमच्या होमस्टेच्या मागे बांधलेल्या पाण्यावर रुबी थ्रोटेड बुलबुल जानेवारीपासून येतो आहे. पिवळं अंग, काळंभोर डोकं, पांढुरका डोळा आणि गळ्यावर नारिंगी-लाल डाग. फोटोत तो गळा काढायला जाम त्रास होतो, कारण सावलीत बसतो आणि सगळा पिवळा रंग हिरवट येतो.

---

कुळागर

काय सांगता! घाटमाथ्याला राहण्याचा हा फायदा. पश्चिम घाटाबाहेर तो जगात कुठेच नाही, आणि किनाऱ्याकडच्या परसांत तर येतच नाही. आमच्याकडे फोंड्यात क्वचित, बोंडल्याच्या अभयारण्यात मात्र बऱ्याचदा दिसतो.

हिरवट रंग पानांतून गाळून आलेल्या उजेडाचा आहे. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेला रंगांचा समतोल) तिथे गोंधळतो. पक्षी नसताना त्याच काटकीजवळ एक पांढरा कागद धरा, त्याचा फोटो घ्या आणि कस्टम व्हाइट बॅलन्स त्यावरून लावा. रॉमध्ये काढत असाल तर नंतर त्याच कागदाच्या फोटोवरून सगळ्या फोटोंचा रंग एकदम दुरुस्त होतो. फ्लॅश नको. शांतपणे पाणी प्यायला आलेल्या पक्ष्याच्या तोंडावर लखकन उजेड पाडून मिळणारा फोटो मला तरी बघवत नाही.

---

तिसवाडी_वारा

इथे थोडं विषयांतर होईल, पण फीडरशी संबंध आहे. नव्या बंगल्याला दिवाणखान्याची भिंतभर काच आहे. काचेसमोर सात-आठ हातांवर पाणी ठेवलं आणि आठवड्यातच पाचू कवडा काचेवर धडकून मेला. काचेत बागेचं प्रतिबिंब दिसतं. पाणी काढून टाकू का?

---

आबोली

वाईट वाटलं वाचून. पाचू कवडा झाडीतून जमिनीलगत सुसाट उडतो, त्यामुळे काचेवर सर्वांत जास्त धडकणाऱ्यांत तोच. तिबोटी खंड्या आणि नवरंग हेही असेच धडकतात, तेही ऐन प्रवासात दमलेले असताना.

पाणी काढू नका, हलवा. एक तर काचेच्या अगदी जवळ, एका मीटरच्या आत, म्हणजे उडालेल्या पक्ष्याला वेगच घेता येत नाही. नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे. तुम्ही ठेवलं ते अंतर नेमकं मधलं, धोक्याचं. आणि काचेला बाहेरच्या बाजूने ठिपक्यांचं स्टिकर लावा, दोन ठिपक्यांत पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नको. घारीचं एकच चित्र चिकटवून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जातो.

पक्षी धडकून पडला आणि जिवंत असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, अंधारात, शांत जागी. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. बरेचसे पक्षी तास-दोन तासांत सावरतात, मग झाडीजवळ खोकं उघडायचं. नाही सावरला तर वनखात्याला फोन.

---

मिरग (सांगे)

पावसाळ्यात काय करता? आमच्या लेन्सला आतून बुरशीची जाळी आली होती, साफ करून घ्यायला पणजीला पाठवावी लागली.

---

कुळागर

पाणी ठेवायची गरज जूनमध्ये संपते, फोटोंची नाही. ढगाळ दिवसाचा उजेड पिसांच्या रंगाला फार चांगला. माडाच्या झावळीखाली पंख पसरून पावसात भिजत बसलेला टकाचोर हे मला वर्षातलं सगळ्यांत आवडतं दृश्य आहे. त्या उजेडात आयएसओ ३२०० पर्यंत जातो, त्याला पर्याय नाही.

बुरशीचं सांगतो. लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कधीही ठेवायची नाही. विजेचं ड्राय कॅबिनेट घेता आलं तर उत्तम, त्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवायची. नाहीतर पोळ्यांचा घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की मंद तव्यावर परतून पुन्हा वापरता येतं. लेन्स महिनोन्महिने डब्यातच ठेवणंही बरं नाही. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी कमी धरते. आणि एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, काचेवर दव धरतं, आतही धरतं. बॅगेतच बंद ठेवून अर्धा तास ओसरीवर ठेवा, मग काढा.

---

पागोळी

पुठ्ठ्याची युक्ती लागू पडली! शिपाई बुलबुल ताटलीच्या काठावर, डोळ्यामागचा लाल ठिपका अगदी लख्ख. व्हिडिओतून चौकट काढली आहे.

आता एक विचारायचंय. त्या जोडीने गॅलरीतल्याच मनीप्लांटमध्ये घरटं बांधायला घेतलंय. कॅमेरा लावून ठेवला तर पिल्लांचे किती सुंदर फोटो मिळतील. एक-दोन पानं मध्ये येतात तेवढी बाजूला करावी लागतील.

---

कुळागर

पागोळीताई, मन:पूर्वक अभिनंदन, आणि कृपा करून तेवढं करू नका.

ती एक-दोन पानं म्हणजेच त्या घरट्याचं छप्पर आणि दार. ती हलली की दुपारचं ऊन थेट पिल्लांवर येतं आणि कावळ्याला वरून घरटं दिसतं. टकाचोर आणि भारद्वाज दोघेही पिल्लं उचलतात. बांधकाम सुरू असताना माणसाचा वावर वाढला तर बुलबुल घरटं अर्धवट सोडून जातात. अंडी घातल्यावर सोडलं तर अंडी गेली. तिपाई लावली, कॅमेऱ्याजवळ येरझारा सुरू झाल्या, की आईबापांच्या खेपा कमी होतात आणि पिल्लांना भरवणं चुकतं. देशातल्या बऱ्याच पक्षी-छायाचित्र गटांनी घरट्याचे फोटो घेणंच बंद केलंय ते याचसाठी.

तुम्हाला मात्र फोटो मिळणार आहेत. अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण दोन आठवड्यांत पिल्लं उडायला लागतात. उडाल्यावर पुढे काही दिवस आईबाप त्यांना तुमच्या कठड्यावरच भरवतील. गालाचा लाल ठिपका नसलेली, तोकड्या शेपटीची पिल्लं. तोवर त्या कोपऱ्यातल्या कुंड्यांना पाणी घालायचं तर रोज एकाच वेळी, पटकन, आणि घरट्याकडे न बघता. तुमची ताटली तिथून दुसऱ्या टोकाला न्या, म्हणजे पाण्यावर येणारे कावळे घरट्याजवळ येणार नाहीत.

---

रानवाट

कुळागर, हे लिहिल्याबद्दल आभार. यात एक भर: मोबाईलवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही याच रांगेतलं. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो खाणं-भरवणं सोडून भांडायला येतो. परसात पाणी असताना त्याची गरजही नाही.

---

पागोळी

समजलं. मनीप्लांटला हात लावणार नाही. घरच्यांनाही सांगितलंय. ताटली आजच हलवते.

---

शिवोलीकर

हमेलिया आणली. पण हा कोण ते ओळखता येत नाही. शिंजिराएवढाच, पाठ तपकिरी, पोट फिकट पिवळं, आणि हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ. नर की मादी? चोच बरीच बाकदार वाटते. फोटो धूसर आहे म्हणून टाकत नाही.

---

आबोली

मधोमध काळी रेघ म्हणजे विणीनंतरच्या पिसाऱ्यातला जांभळ्या शिंजिराचा नर असावा. वीण संपली की तो काळा-जांभळा वेष टाकतो आणि मादीसारखा दिसायला लागतो, तेवढी रेघ राहते. पण चोच ‘बरीच’ बाकदार म्हणताय म्हणून थांबते. लोटेनच्या शिंजिराची चोच चांगलीच लांब आणि वाकडी असते, आणि तोही गोव्यात सर्रास आहे. चोच डोक्याच्या लांबीच्या तुलनेत किती ते कळेल असा बाजूने घेतलेला फोटो हवा. धूसर असला तरी टाका, ओळखीसाठी धूसर फोटोही चालतो.

फेब्रुवारीच्या मध्यात ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, चार दिवसांचा. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, भारतात २०१३ पासून होतो. पंधरा मिनिटं परसात बसून दिसले ते सगळे पक्षी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचे. या धाग्यावरच्या सगळ्यांनी आपापल्या परातीवरची यादी दिली तर म्हापशाची गॅलरी, फोंड्याचं कुळागर आणि चोर्ल्याचा घाटमाथा अशी छान तुलना होईल. शिवोलीकर, तुमचा तो पक्षी तोवर ओळखून ठेवू.

---

शिवोलीकर

फोटो टाकलाय. कॅमेऱ्याकडे पाठ आहे पण मान वळलेली आहे, चोच बाजूने दिसते.

---

कुळागर

चोच डोक्यापेक्षा फार लांब नाही. जांभळा शिंजीरच, नर. खांद्याजवळ एक-दोन चमकदार पिसं आलेली दिसताहेत, म्हणजे नवा वेष चढायला लागलाय. सूर्य पाठीशी घेऊन त्याच कुंडीजवळ बसत राहा आणि फोटो याच धाग्यावर टाका.